बाबांच्या ट्रंकेतले 'एरोमॉडेलर'चे जुने अंक: ठेवू, विकू की स्कॅन करू?

निनाद_ओझर

नमस्कार मंडळी,

बाबा गेल्या वर्षी गेले. ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. आता आईला आमच्याकडे आणायचं म्हणून घर आवरतोय, तर माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक सापडली. आईची समजूत होती की तिच्यात पितळी भांडी आहेत. कुलूप तोडलं तर डांबरगोळ्यांचा भपकारा आणि खाली इंग्लंडच्या 'एरोमॉडेलर' या छोटी विमानं बनवून उडवणाऱ्या हौशी लोकांच्या मासिकाचे अंक. मोजून ९७. सगळ्यात जुना १९४९ चा, शेवटचा १९६८ चा. शिवाय 'मॉडेल एअरक्राफ्ट'चे अकरा आणि अमेरिकेच्या 'मॉडेल एअरप्लेन न्यूज'चे चार.

गंमत म्हणजे बाबांनी बनवलेलं एकही विमान मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. त्यांनी मला कागदी विमानसुद्धा कधी करून दिलं नाही.

रद्दीवाला किलोच्या भावाने न्यायला तयार आहे. बायको म्हणते, "ठेवायचं तर ठेव, पण माळा तुझा आणि झाडू पण तुझा." जाणकारांनी सांगावं: यांना काही किंमत आहे का? विकू, कुणाला देऊ, की स्कॅन करून ठेवू?

जुनी_रद्दी

रद्दीवाल्याला फोन करून सांगा की बायको माहेरी गेलीय, ट्रंकेची किल्ली तिच्याकडे आहे. बाकी नंतर बोलू.

साठीचा_पोरगा

निनाद, आधी बाबांना नमस्कार. ९७ अंक जमवायचे म्हणजे त्या काळी काय दिव्य होतं ते आज कळायचं नाही. एक तर परकीय चलनाची बोंब, त्यातून अंक बोटीच्या टपालाने यायचा. जानेवारीचा अंक होळीच्या सुमारास हातात पडला तरी आम्ही खूश.

'एरोमॉडेलर' नोव्हेंबर १९३५ मध्ये सुरू झालं. त्याची मुखपृष्ठं नीट बघा. चाळीस-पन्नासच्या दशकातल्या बऱ्याच अंकांवर सी. रुपर्ट मूर यांनी रंगवलेली चित्रं असतील. मॉडेल असं काढायचे की खऱ्या विमानाला लाज वाटावी. अमेरिकन अंकांवर जो कोटुला यांची चित्रं असतील, त्यांची तऱ्हा वेगळी, जास्त झगझगीत.

आत काय असायचं? प्लॅन. बाकी सगळं त्याच्या भोवती. कुठल्याशा क्लबाची स्पर्धा, रबरावर उडणाऱ्या विमानांच्या वेकफिल्ड चषकाची बातमी, रॉन वॉरिंग यांनी केलेली इंजिनांची चाचणी (किती फेऱ्यांना किती ताकद, आलेखासकट). पीटर चिन हे दुसरे इंजिनवाले. ते इंग्लंडच्या 'मॉडेल एअरक्राफ्ट'मध्ये लिहायचे आणि अमेरिकेच्या 'मॉडेल एअरप्लेन न्यूज'मध्येही. तुमच्या ट्रंकेत एकच माणूस दोन देशांतून बोलताना सापडेल. आम्ही ते आलेख पाठ करायचो. इंजिन मात्र एकाकडेही नव्हतं.

पुढे एनसीसीच्या एअर विंगमध्ये गेलो तेव्हा पहिल्यांदा मिल्स पाऊण सीसी हातात आलं. अस्सल इंग्रजी नव्हे, कलकत्त्यात बनलेलं अरोरा. त्याचं इंधन म्हणजे ईथर, एरंडेल आणि रॉकेल, तिन्ही सारखे. स्पार्क प्लग नाही, बॅटरी नाही. वरचा दांडा पिळून आतला दाब वाढवायचा आणि पंख्याला बोटाने फटका मारायचा. पन्नास फटक्यांनी सुरू होतं, एक्कावन्नाव्याला बोट फुटतं. माझ्या उजव्या तर्जनीवर अजून खूण आहे.

तेव्हा उत्तर एकच: ठेवा.

पमाकाकी

एरंडेल वाचून हसू आवरेना. माझा धाकटा भाऊ या नादात होता. आईने आमच्या पोटासाठी आणलेली एरंडेलाची बाटली महिन्यात संपायची आणि आई कौतुक करायची की पोरं कुरकुर न करता घेतात. कळलं तेव्हा भावाने मार खाल्ला. मी नाही खाल्ला, कारण मला ठाऊक होतं हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ईथर तो ओळखीच्या कंपाउंडरकडून आणायचा. पूर्वी भूल द्यायला वापरायचे तेच. बाटलीचं बूच उघडून खोलीत काम केलं की संध्याकाळी सगळं घर पेंगायचं.

हिशेबनीस

थोडं विरजण घालतो, राग मानू नका.

किंमत शून्याच्या जवळ आहे. ही मासिकं दुर्मिळ नाहीत. इंग्लंड-अमेरिकेत एका पिढीने ती मनोभावे जपली आणि आता ती पिढीच जातेय, त्यामुळे गठ्ठेच्या गठ्ठे बाजारात येतात. तिकडे सुटा अंक चहा-बिस्किटाच्या भावात मिळतो. इथून पाठवायचे तर टपालखर्च अंकाच्या किमतीच्या कितीतरी पट. युद्धाआधीचे असते तर गोष्ट वेगळी. शिवाय काही अंकांबरोबर पूर्ण आकाराचा प्लॅन घडी घालून यायचा. तो शाबूत असेल तर किंमत, आणि तो तर लोक पहिल्या आठवड्यातच ओढून काढायचे. तो आहे का बघा.

भावनेची किंमत धरायची तर वेगळी चोपडी.

साठीचा_पोरगा

@हिशेबनीस, तुमचा आकडा बरोबर, पण प्रश्न चुकीच्या काट्यावर तोलताय. इंग्लंडात स्वस्त आहे म्हणून नाशकात स्वस्त कसं? इथे असे किती गठ्ठे उरलेत?

हिशेबनीस

इथे गिऱ्हाईक किती उरलेत? :)

लेस्टरकर

दोघांचंही बरोबर म्हणून कडेने जातो.

मी गेली अकरा वर्षं लेस्टरला आहे. १९४० च्या दशकातले अंक असतील तर पहिल्या पानावरचा पत्ता बघा: ॲलन हाऊस, न्यूआर्क स्ट्रीट, लेस्टर. मासिक तेव्हा इथून निघायचं! मला ते इथे आल्यावर चार वर्षांनी कळलं, तोवर त्याच रस्त्यावरून रोज बस पकडत होतो.

हिशेबनीस म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. इथल्या हौशी लोकांच्या जुन्या सामानाच्या बाजारात टेबलाखाली केळ्यांच्या खोक्यांत हे अंक भरलेले असतात. विकणारे म्हातारे, घेणारेही म्हातारेच. एकदा एका आजोबांकडून मी सहा अंक घेतले तर त्यांनी पैसे घेतले सहाचेच आणि पिशवीत घातले वीस. म्हणाले, घरी परत नेले तर बायको आत घेणार नाही. निनाद, तुमच्या घरची परिस्थिती आंतरराष्ट्रीय आहे.

भटका_सांगलीकर

आमच्या मामांचा किस्सा सांगायलाच हवा. टंकाळा आलाय, तरी.

प्लॅनमध्ये सगळीकडे एकच शब्द: बाल्सा. इक्वेडोरमधलं लाकूड, बुचासारखं हलकं. सांगलीत ते कुठून मिळणार? मामांनी डोकं लढवलं. लग्नाची बाशिंगं ज्याची करतात ते भेंड! हलकं, पांढरं, ब्लेडने कापलं जातं. बाशिंगवाल्याकडून पिशवीभर आणलं. तो विचारतो, "घरात किती लग्नं काढलीत?"

पंखातल्या सगळ्या फासळ्या भेंडाच्या, कडा बांबूच्या कामट्यांच्या, वरून पतंगाचा कागद. अंकात लिहिलेलं की कागद पाण्याने शिंपडला की वाळताना ताणतो, मग त्यावर डोप (कागद घट्ट करणारं वार्निश) मारायचं. डोप कुठलं? फुटलेले पिंगपाँगचे चेंडू ॲसिटोनमध्ये विरघळवले. इथवर सगळं झकास. कागद वाळला, ताणला आणि आतल्या भेंडाच्या फासळ्या एकेक करून चेपत गेल्या. मामी सांगते की रात्री कपाटावरून कट्, कट् आवाज येत होता. सकाळी पंख वाळक्या केळीच्या पानासारखा वळलेला.

मामांनी त्याला हार घालून बाशिंग म्हणूनच भिंतीवर टांगलं.

साठीचा_पोरगा

@सांगलीकर, दंडवत! :)) भेंडाला दाब सोसत नाही. बाल्साची खुबी नुसत्या हलकेपणात नाही, वजनाच्या मानाने ते कमालीचं ताठ असतं. म्हणून तर दुसऱ्या महायुद्धात डी हॅविलंड मॉस्किटोच्या सांगाड्यात बर्चच्या प्लायवुडच्या मधे बाल्सा भरला होता. खऱ्या बाँबफेकी विमानात. मग पोरांच्या विमानांना उरणार कुठून? मलायाही जपान्यांच्या हाती गेला, तेव्हा रबराचीही चणचण. तरी मासिक बंद पडलं नाही.

विमान_वेडा_९९

तिकडे अमेरिकेत १९४२ मध्ये नौदलाने शाळकरी पोरांकडून विमानांची पाच लाख मॉडेल मागवली होती. १:७२ प्रमाणात, ठोकळ्यातून कोरलेली, काळी रंगवलेली. तोफवाल्यांना आकाशातली सावली बघून शत्रू की मित्र ओळखायला शिकवायचं म्हणून.

राष्ट्राभिमानी

सगळे इंग्लंड-अमेरिकेचं गुणगान गाताहेत. १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर तळपद्यांनी विमान उडवलं ते कुणालाच आठवत नाही का?

मधुरा_ग

आठवतं हो, दर विमानाच्या धाग्यावर आठवतं. तळपदे हौशी आणि धडपडे गृहस्थ होते यात वाद नाही. पण उड्डाणाचा समकालीन पुरावा दाखवा, मी स्वतः पेढे वाटते. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा दाखला देतात ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासलं. ग्रंथ १९०४ च्या मागे जात नाही आणि त्यातलं एकही विमान उडण्याजोगं नाही, असं त्यांनी लिहून ठेवलंय.

उलट आल्फाँस पेनो हा फ्रेंच तरुण बघा. १८ ऑगस्ट १८७१, पॅरिसची तुइलेरी बाग, पिळलेल्या रबरावर चालणारं हातभर विमान, ११ सेकंद. साक्षीदार समोर उभे. आज जत्रेत मिळणारं रबराचं विमान त्याच्याच वंशातलं.

जुनी_रद्दी

तळपदे आले, म्हणजे धागा शंभरी गाठणार. मी शेंगदाणे घेऊन बसलो.

ड्रोनवाला

मी तेवीसचा आहे, फोमची विमानं आणि ड्रोन उडवतो. खोचकपणे विचारत नाही, खरंच कळत नाहीये. महिनाभर ब्लेडने लाकूड कापायचं, कागद चिकटवायचा आणि पहिल्याच फेरीत ते आपटायचं. रिमोटसुद्धा नाही! मग मजा कशात आहे? मी विमान पेटीतून काढतो, वीस मिनिटांत आकाशात.

साठीचा_पोरगा

@ड्रोनवाला, प्रश्न रास्त आहे.

रिमोट नसलेलं विमान सोडणं म्हणजे काय ते एकदा करून बघ. त्याला फ्री फ्लाइट म्हणतात. हातातून सुटलं की तुझा त्याच्यावर शून्य ताबा. जे काही सांगायचं ते आधीच सांगून ठेवावं लागतं: गुरुत्वमध्य कुठे, शेपूट किती अंशात, पंखाचं टोक किती पिळलेलं. पहिल्यांदा उंच गवतावर हाताने नुसतं तरंगत सोडायचं. नाक खाली घातलं तर शेपटाच्या मागच्या कडेखाली काडेपेटीच्या पुठ्ठ्याची चकती, वर उचलून थबकलं तर नाकात शिशाचा तुकडा. अशा वीस फेऱ्या. मग संध्याकाळी वारा पडल्यावर इंजिन.

आम्ही घारी बघायचो. घारी पंख न हलवता जिथे गिरक्या घेतात तिथे गरम हवा वर चढत असते. तिथे सोडलं की विमान चढतच जातं. उतरतच नाही! हे नुकसान हं, कौतुक नव्हे. आठ आठ आठवड्यांची मेहनत ठिपका होऊन जाते. त्यावर मासिकात तोडगा होता: शेपटीला रबरबँड लावून त्यात हळू जळणारी वात अडकवायची. ठरल्या वेळी वात रबर जाळते, शेपूट ताडकन वर होते आणि विमान सपाट बसल्यासारखं खाली येतं. आम्ही वातीऐवजी उदबत्ती लावली. विमानाचा मोगरा दरवळत गेला, पण रबर काही जळलं नाही, उदबत्ती वाऱ्याने विझली. विमान गेलं ते गेलंच.

अंकात असंही लिहिलेलं असायचं की पंखावर नाव-पत्ता लिहा. मी लिहिला होता. अठरा दिवसांनी सासवडकडून पोस्टकार्ड आलं: "आपले विमान आमचे उसात पडले आहे. बैल बुजतात. घेऊन जावे."

ड्रोनवाला

हे भारी आहे. बैलवाला मुद्दा पटला.

लेस्टरकर

काका, ते पोस्टकार्ड जपलंय ना? नसेल तर तुमच्याशी भांडण आहे.

साठीचा_पोरगा

आहे. त्याला कसर लागली, पण 'बैल बुजतात' शाबूत आहे.

स्कॅनर_ठाणे

मूळ प्रश्नाकडे येऊ या, नाहीतर निनाद पळून जातील.

माझ्या आजोबांचे काही अंक मी स्कॅन केलेत, त्यातून शिकलेलं सांगतो. पिना गंजलेल्या असतील तर आधी त्या हळूच सरळ करून काढा, गंज कागद खातो. पान काचेवर जोराने दाबू नका. मधल्या जोडाजवळ प्लॅनची रेघ वाकते, पंखाची फासळी तिथेच छापलेली असली की ती एका बाजूने फुगीर येते. मासिकातले प्लॅन लहान करून छापलेले असतात, म्हणून सोबत मोजपट्टीची रेघ किंवा चौकटी असतात. त्या स्कॅनमध्ये आल्याच पाहिजेत, नाहीतर ते नुसतं चित्र. आम्ही शाळेत चित्रकलेला चौकटी आखून गांधीजी मोठे करायचो, अगदी तसंच विमान मोठं करायचं.

आणि आधी आउटरझोन हे संकेतस्थळ बघा. जुन्या प्लॅनांचा डोंगर आहे तिथे, फुकट. जे तिथे आहे ते पुन्हा स्कॅन करून डोळे फोडू नका.

वकीलसाहेब

स्कॅन घरी ठेवायला कुणी विचारणार नाही, पण जाहीर चढवताना बेतानं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, इंग्लंडमध्ये ७०. १९५० मधला प्लॅन जुना वाटतो, पण काढणारा पुढे पन्नास वर्षं जगला असेल तर हिशेब करा.

हिशेबनीस

अखेर कुणीतरी हिशेब म्हणालं.

निनाद_ओझर

मंडळी, तीन दिवस गायब होतो, माफी. एवढे प्रतिसाद बघून भरून आलं. सगळे अंक बाहेर गच्चीवर उन्हात न ठेवता सावलीत पसरले (पमाकाकींनी व्यनित सांगितलं, त्यांचे आभार) आणि एकेक पान उलटलं.

@हिशेबनीस, घडीचे प्लॅन एकाही अंकात नाहीत. सगळे ओढून काढलेले. त्या जागी पिनांना चिकटलेले कागदाचे कोपरे तेवढे आहेत.

पण 'मॉडेल एअरक्राफ्ट'च्या १९५० च्या अंकात व्हिक स्मीड यांच्या 'टॉमबॉय' नावाच्या विमानाचा प्लॅन आहे आणि त्या पानावर बाबांचं अक्षर आहे. पेन्सिलीने. प्रत्येक मापाशेजारी इंचाचे मिलिमीटर केलेत. ३/३२ शेजारी २.४, १/१६ शेजारी १.६. बाबांचा सात ओळखतो मी, त्याला मधे आडवी रेघ असायची. पानाला चौकटीही आखल्यात. एका कोपऱ्यात यादी: "ईथर - शिंपी गल्ली. रॉकेल घरचे. रबर सायकलच्या ट्यूबचे चालेल का?" आणि त्याखाली वेगळ्या शाईत, "नाही."

आईला दाखवलं. म्हणाली, "लग्नाच्या आधीचं मला काय विचारतोस." मग संध्याकाळी चहा घेताना आपणहूनच बोलली. तिला बाबांच्या आईने सांगितलेलं. निफाडच्या बाजूला कुठल्या माळावर विमान सोडलं, ते चढत गेलं आणि आलंच नाही. बाबा सायकलवरून अंधार पडेपर्यंत त्याच्या मागे. दुसऱ्या दिवशीही रजा टाकून गेले. मग सगळं ट्रंकेत.

साठीचा_पोरगाकाका, तुमचा घारींचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे चांगलं बनवलं होतं तर."

तर ठरवलंय असं: अंक विकत नाही. अमेरिकन चार 'जुनी_रद्दी' यांना हवे असल्यास टपालखर्चात देतो, त्यांवर बाबांचं काहीच लिहिलेलं नाही. पेन्सिलीची पानं स्कॅन करतोय. आणि टॉमबॉय बनवून बघणार आहे, ३६ इंची पंखाचा. मुलगी आठवीत आहे, तिने ब्लेड आधीच पळवलंय. बाल्सा आता ऑनलाइन मिळतो असं दिसतंय. इंजिनाचं काय करू? ईथर आता कोण देणार मला.

जुनी_रद्दी

हवेत म्हणजे काय! व्यनि केलाय. टपालखर्च अधिक एक किलो चिवडा.

ड्रोनवाला

इंजिनाचं मी सांगतो! टॉमबॉयचं वजन किती येईल ते कळवा. लहान ब्रशलेस मोटर, दोन सेलची बॅटरी, हलके दोन सर्व्हो (सुकाणू हलवणाऱ्या चिमुकल्या मोटरी). रिमोट बसवा प्लीज. बॅटरी नाकात बसते, त्यामुळे शिसं घालावं लागणार नाही. आणि घार दिसली तरी परत आणता येईल.

पमाकाकी

रिमोट बसवला तरी पंखावर नाव-पत्ता लिहाच. बैल अजून आहेत.

भटका_सांगलीकर

भेंड हवं असेल तर सांगा, मामांकडे अर्धी पिशवी शिल्लक आहे.

साठीचा_पोरगा

निनाद, ड्रोनवाल्याचं ऐका, या वयात मी मोटरला विरोध करणार नाही. फक्त एक करा. प्लॅन मोठा करून छापून आणलात की फासळ्या कापायच्या आधी त्यावरची मोजपट्टीची रेघ स्टीलच्या पट्टीने मोजा, आडवी आणि उभी, दोन्ही. छपाईवाल्याचं मशीन 'पानात बसवा' म्हणून पाच टक्के कापतं आणि ते पंख जोडायला घेईपर्यंत कळत नाही. बाबांच्या चौकटींशीही ताडून बघा. फिटरचं माप आहे, तेच धरा.